रूळ आहेत, विजेच्या तारा आहेत. मग दौंड-पुणे लोकलचं घोडं अडलंय कुठं?

वडगाव रासाई (ता. शिरूर) : इथून सकाळी नऊच्या आत पुण्यात पोचायचं म्हटलं तर मार्ग दोनच. एक, न्हावरेमार्गे शिक्रापूर गाठायचं आणि वाघोलीच्या कोंडीत अडकायचं. दुसरा, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून चौफुल्याला यायचं आणि सोलापूर महामार्गावर मिळेल त्या गाडीला हात करायचा. तिसराही एक मार्ग आहे, तो कागदावर सगळ्यात सोपा दिसतो. नदीपलीकडं केडगावचं रेल्वे स्टेशन आहे. तिथून गाडीत बसलं की ना टोलनाका, ना कोंडी, थेट पुणे स्टेशन. स्टेशनातून बाहेर पडलं की ससून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आता मेट्रोही दारात.

पण या तिसऱ्या मार्गावर भरवसा ठेवून कामाधंद्याचं गणित मांडता येत नाही. सकाळची गाडी चुकली तर पुढची सोयीच्या वेळेला असेलच असं नाही. संध्याकाळी कामावरून सुटायला अर्धा तास उशीर झाला तर परतीची गाडी निघून गेलेली असते. त्यामुळं ज्यांच्याकडं दुचाकी आहे ते दुचाकीनं जातात. ज्यांच्याकडं नाही ते पुण्यात खोली करून राहतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर कित्येक घरांत पहिला प्रश्न हाच असतो की, ‘येणार-जाणार कशी?’

दौंड-पुणे लोकलची मागणी जुनी आहे. दर निवडणुकीत ती वर येते आणि नंतर मागं पडते. ही मागणी नेमकी काय आहे, अडचण रुळांची आहे की गाड्यांची की पैशांची, आणि रेल्वेमार्ग नसलेल्या शिरूर तालुक्याचा त्यात काय संबंध, हे एकदा सरळ समजून घेऊ.

स्टेशन दौंडमध्ये, प्रवासी शिरूरमध्ये

शिरूर तालुक्यात एकही रेल्वे स्टेशन नाही. लोहमार्ग जातो तो भीमेच्या दक्षिणेकडून, हवेली आणि दौंड तालुक्यांतून. पुण्याहून निघाल्यावर हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस आणि मग दौंड जंक्शन. पुणे ते दौंड हे अंतर सुमारे ७६ किलोमीटर आहे.

वडगाव रासाई आणि नदीकाठच्या आसपासच्या गावांना मात्र शिरूर शहरापेक्षा केडगाव जवळ पडतं. कामासाठी तहसील शिरूरला, पण बाजार, दवाखाना, नातीगोती नदीपलीकडं, असा इथला बराचसा व्यवहार आहे. म्हणजे स्टेशन दौंडचं असलं तरी त्याचा फायदा शिरूरच्या दक्षिण भागालाही तेवढाच.

अडचण इथूनच सुरू होते. तालुक्याची हद्द नदीवर संपते. एसटीचा आगार इकडं शिरूरचा, तिकडं दौंडचा. लोकसभेचा मतदारसंघ इकडं शिरूर, तिकडं बारामती. केडगाव स्टेशनचा प्रश्न बारामतीच्या खासदारांच्या यादीत येतो. शिरूरच्या खासदारांच्या यादीत रेल्वेचा मोठा विषय म्हणजे पुणे-नाशिक. नदीच्या अलीकडून पलीकडच्या स्टेशनवर जाणारा प्रवासी दोन्ही याद्यांच्या फटीत पडतो.

पश्चिमेला १९७८ मध्ये, पूर्वेला अजून वाट

रेल्वे या भागाला नवी नाही. पुण्याहून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंतचा मार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. खंडाळा-पुणे मार्ग त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाला होता. म्हणजे पुण्याच्या दोन्ही बाजूंना गाडी आली ती एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतरानं. पुढं १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला नॅरोगेज गेली, तिचं नंतर ब्रॉडगेज झालं.

फरक पडला तो नंतर. पश्चिमेकडं कल्याण-पुणे मार्गावर १९२९ मध्येच विजेवर गाड्या धावू लागल्या. ११ मार्च १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात मधली पंधराएक स्टेशनं आहेत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करायचं आणि तळेगाव, कामशेतला राहायचं, हे त्या लोकलमुळं जमलं.

पूर्वेकडं तारा यायला २०१७ उजाडलं. पुणे-दौंड विद्युतीकरण पूर्ण झालं तेव्हा लोकांना वाटलं, आता लोणावळ्यासारखी लोकल येणार. मार्च २०१७ मध्ये गाडी आली ती डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी. वरून विजेची तार आणि खालून डिझेलची गाडी, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. तरीही प्रवाशांनी तिचं स्वागतच केलं. नसल्यापेक्षा असलेली बरी, असा तो हिशेब होता.

डेमू, मेमू आणि लोकल : फरक काय?

तिन्ही गाड्यांना वेगळं इंजिन जोडावं लागत नाही. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. त्यामुळं शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावण्याचा वेळ वाचतो. पण त्यांच्यात फरक आहेत आणि ते या भागासाठी महत्त्वाचे आहेत.

डेमू डिझेलवर चालते. थांबून पुन्हा वेग घ्यायला तिला वेळ लागतो. नऊ ठिकाणी थांबायचं म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणचं एक-दोन मिनिटांचं नुकसान साठत जातं.

मेमू विजेवर चालते. तिला दारापाशी पायऱ्या असतात, त्यामुळं कमी उंचीच्या फलाटावरूनही चढता-उतरता येतं. लांब अंतराच्या दृष्टीनं आत स्वच्छतागृहाची सोय असते.

लोकल, म्हणजे मुंबईत किंवा लोणावळा मार्गावर दिसते ती गाडी, पटकन वेग घेते आणि पटकन थांबते. दारं रुंद असतात, माणसं झटपट चढतात-उतरतात. पण तिला पायऱ्या नसतात, म्हणून उंच फलाट लागतो. आत स्वच्छतागृह नसतं.

२०१७ मध्ये लोकलऐवजी डेमू का, याचं एक कारण फलाटांची उंची हे सांगितलं जात होतं. मार्गावरच्या काही लहान स्टेशनांचे फलाट लोकलसाठी खूपच खाली होते. म्हातारं माणूस किंवा कडेवर मूल घेतलेली बाई तिथून लोकलमध्ये चढणार कशी? तेव्हा ‘लोकल द्या’ या मागणीत ‘आधी फलाट उंच करा’ ही मागणी आपोआप येते. फलाट होईपर्यंत मेमू हा मधला मार्ग आहे. नाव लोकल असो की मेमू, प्रवाशाला हवी ती विजेवर चालणारी, ठरल्या वेळेला येणारी आणि वारंवार येणारी गाडी.

रुळांवर जागा आहे का?

हा या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग आहे. दौंडला दोन मोठे मार्ग एकत्र येतात. एक सोलापूरकडून येतो. त्यावर हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरूकडच्या गाड्या असतात. दुसरा मनमाडकडून येतो. त्यावर उत्तर भारतातल्या गाड्या असतात. हे दोन्ही प्रवाह दौंडच्या पुढं पुण्यापर्यंत एकाच दुहेरी मार्गावरून जातात. त्यातच मालगाड्या. लोणीजवळ इंधनाचे डेपो आहेत, तिकडची वाहतूक वेगळी.

अशा मार्गावर सगळीकडं थांबणारी गाडी सोडली की मागून एक्सप्रेस येते. मग लोकलला एखाद्या स्टेशनवर बाजूच्या रुळावर घेऊन एक्सप्रेसला पुढं काढतात. प्रवासी डब्यात बसून राहतो. ‘पॅसेंजर कधीच वेळेवर नसते’ ही तक्रार यातूनच येते. एक्सप्रेस उशिरा आली तर तिचा उशीर लोकलच्या माथी बसतो.

यावर दोन उपाय असतात. पहिला स्वयंचलित सिग्नलचा. जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका दिशेला एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढची गाडी पुढच्या स्टेशनला पोचेपर्यंत मागची थांबून राहते. यवत, केडगावसारख्या भागात स्टेशनं लांब लांब आहेत, म्हणून थांबणंही लांबतं. स्वयंचलित पद्धतीत मधे साधारण एकेका किलोमीटरवर सिग्नल असतात आणि गाड्या सुरक्षित अंतर ठेवून एकामागे एक जातात. नवी जमीन न घेता त्याच रुळांवर जास्त गाड्या बसतात.

दुसरा उपाय म्हणजे तिसरी आणि चौथी मार्गिका. तो पक्का उपाय आहे, पण त्याला जमीन लागते, पैसा लागतो आणि वर्षं लागतात. लोणावळ्याच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी राज्य सरकारनं खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली आहे. पूर्वेकडंही तसंच व्हावं असं वाटत असेल तर ती मागणी दिल्लीबरोबर मुंबईतही करावी लागेल.

दौंडला आणखी एक गुंता आहे. मनमाडकडून पुण्याकडं येणाऱ्या गाड्यांना पूर्वी दौंड स्टेशनात इंजिन फिरवावं लागायचं. तो वेळ वाचावा म्हणून कॉर्ड लाइन झाली आणि तिथं वेगळं स्टेशनही झालं. गाड्यांचा वेळ वाचला. पण कॉर्ड लाइनला उतरणारा प्रवासी मुख्य स्टेशनापासून लांब उतरतो. लोकलचं वेळापत्रक करताना या दोन स्टेशनांची सांगड घालावी लागेल.

तासाला एक गाडी : गणित किती डब्यांचं?

‘लोकल सुरू करा’ म्हणणं सोपं आहे. पण किती गाड्या लागतील?

साधा हिशेब करून पाहू. समजा पुणे-दौंड अंतर कापायला सगळे थांबे घेऊन दीड तास लागला. दोन्ही टोकांना वीस-वीस मिनिटं थांबा धरला. म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला ९० अधिक २० अधिक ९० अधिक २०, असे २२० मिनिटं. पावणेचार तास धरा. दर तासाला एक गाडी सोडायची तर चार गाड्या सतत फिरत्या लागतील, शिवाय दुरुस्तीसाठी एक राखीव. म्हणजे पाच गाड्यांचा संच. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अर्ध्या तासाला सोडायची तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो.

एकच गाडी असेल तर काय होतं? दिवसभरात तिच्या चारएक फेऱ्या होतात. म्हणजे एक गेली की पुढची साधारण चार तासांनी. आजवरच्या अनुभवाची मेख इथं आहे. लोक म्हणतात गाडी नाही, रेल्वे म्हणते गाडी आहे. दोघंही खरं बोलतात. गाडी आहे, पण तिच्यावर नोकरी किंवा कॉलेज टिकवता येईल इतक्या वेळा ती नाही.

कोरोनानं काय नेलं?

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढं गाड्या टप्प्याटप्प्यानं सुरू झाल्या, पण ‘पॅसेंजर’ म्हणून असलेल्या बऱ्याच गाड्या ‘विशेष’ किंवा ‘एक्सप्रेस’ होऊन आल्या. १० रुपयांचं किमान तिकीट ३० रुपये झालं. स्टेशन तेच, गाडी तीच, अंतर तेच. तिकीट मात्र तिप्पट. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपयांवर आलं. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली.

लांबच्या पॅसेंजर गाड्यांतही बदल झाले. पुण्याहून सुटणारी निजामाबाद पॅसेंजर पुढं एक्सप्रेस झाली आणि दौंडहून सुटू लागली. केडगाव, पाटसच्या माणसाला अशा गाड्यांचा रोजच्या प्रवासासाठी जो उपयोग होता तो गेला.

त्या चार वर्षांत लोकांची सवय मोडली. कुणी दुचाकी घेतली, कुणी कारखान्याची बस धरली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांवरच्यांना तर त्याआधीपासूनच एसटी मोफत आहे. तुटलेला प्रवासी परत आणायचा तर ‘गाडी पूर्वीसारखी सुरू केली’ एवढ्यावर भागणार नाही. ती पूर्वीपेक्षा चांगली असावी लागेल.

‘उपनगरीय दर्जा’ म्हणजे काय?

पुणे-दौंड मार्गाला उपनगरीय दर्जा द्या, ही मागणी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी संसदेत आणि रेल्वे मंत्रालयाकडं वेळोवेळी केली आहे. प्रवासी संघटनाही हेच म्हणतात. हा दर्जा मिळाला की चार गोष्टी बदलतात. भाडं आणि पास उपनगरीय दरानं लागतात. गाड्यांची आखणी रोज ये-जा करणाऱ्यांच्या वेळा पाहून होते. फलाट, पादचारी पूल, तिकीट खिडक्या यांच्याकडं उपनगरीय स्टेशन म्हणून पाहिलं जातं. आणि लोकल गाड्यांचे डबे मागण्याचा हक्क भक्कम होतो.

रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रवाशांच्या तिकिटातून खर्च निघत नाही, हे रेल्वे उघड सांगते. प्रवासाचा सरासरी ५७ टक्के खर्चच वसूल होतो, असं तिकिटावरच छापलेलं असायचं. उपनगरीय सेवेत तर तूट जास्त. म्हणून नवा उपनगरीय पट्टा जाहीर करायला रेल्वे सहजासहजी तयार होत नाही. मुंबईत यावर तोडगा निघाला तो राज्य सरकार आणि रेल्वे यांनी मिळून खर्च वाटून घेण्याचा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत दौंड आणि शिरूर तालुक्यांचा काही भाग येतो. या भागात बांधकामं वाढणार, परवानग्यांचं शुल्क जमा होणार, मग त्यातला वाटा लोकलला का नको, हा प्रश्न रास्त आहे.

एक जुना अडथळा मात्र दूर झाला आहे. दौंड स्टेशन पूर्वी सोलापूर विभागात होतं आणि पुण्याकडची बाजू पुणे विभागात. एका मार्गाचे दोन मालक. एप्रिल २०२४ पासून दौंड पुणे विभागात आलं. आता वेळापत्रकासाठी दोन दारं ठोठवावी लागत नाहीत.

स्कॉटलंडमधल्या एका बंद मार्गाची गोष्ट

बंद पडलेली किंवा मागं पडलेली स्थानिक रेल्वे परत उभी राहते का? राहते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराच्या दक्षिणेकडचा ग्रामीण भागातला मार्ग १९६९ मध्ये तोट्याचं कारण देऊन बंद केला होता. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्यातला जवळपास पन्नास किलोमीटरचा भाग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी प्रवासी अंदाजापेक्षा जास्त आले.

तिथं दोन धडे मिळतात. गाडी दर अर्ध्या तासाला ठेवली, म्हणून लोकांनी वेळापत्रक न बघता स्टेशन गाठायला सुरुवात केली. हा पहिला. दुसरा उलटा आहे. खर्च वाचवायला मार्ग बराचसा एकेरी ठेवला, त्यामुळं एक गाडी उशिरा झाली की समोरची अडकते. तिथं रूळ नव्यानं टाकावे लागले होते. आपल्याकडं दुहेरी रूळ आहेत, तारा आहेत, स्टेशनं आहेत. सगळ्यात महागडं काम झालेलं आहे.

नदीअलीकडचे प्रवासी मोजले कुणी?

रेल्वे एखाद्या स्टेशनची गरज कशावरून ठरवते? मुख्यतः तिथं किती तिकिटं आणि पास विकले गेले यावरून. थांबा द्यायचा की काढायचा, हेही बरंचसं त्यावरूनच ठरतं.

यात एक चक्र आहे. गाडी सोयीची नाही म्हणून वडगाव रासाई, सादलगाव, मांडवगण फराटा भागातला माणूस केडगावला तिकीट काढत नाही. तिकीट काढत नाही म्हणून तो रेल्वेच्या आकड्यात येत नाही. आकड्यात नाही म्हणून गाडी वाढत नाही. विनातिकीट जाणाराही आकड्यात नसतो. दहा-वीस रुपये वाचवताना तो आपल्याच स्टेशनची मागणी कमी करत असतो.

आणि समजा उद्या तासाला लोकल सुरू झाली, तरी नदीअलीकडच्या गावांना तिचा उपयोग होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागेल : स्टेशनपर्यंत नेणारी एसटी. गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी पोचणारी आणि संध्याकाळी गाडी आल्यावर निघणारी. आज बसच्या वेळा आगाराच्या सोयीनं ठरतात आणि गाडीच्या वेळा रेल्वेच्या. दोघांची गाठ पडत नाही. शिरूर आणि दौंड आगारांनी मिळून नदी ओलांडणाऱ्या चार फेऱ्या केडगावच्या गाड्यांना जोडल्या तर त्याला ना नवीन रूळ लागतात, ना केंद्राची मंजुरी. स्टेशनबाहेर दुचाकी ठेवायला उजेड असलेली, राखण असलेली जागा हाही याचाच भाग. रात्री आठला उतरणाऱ्या मुलीला गाडी अंधारात ठेवलेली नको असते.

पुण्याच्या टोकालाही हेच लागू आहे. हडपसर आता मोठं टर्मिनल होतंय. लोकल तिथंच संपवली तर पुढं शहरात जायला बस किंवा रिक्षा शोधावी लागते. पुणे स्टेशनला मात्र ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो आहे. लोकल पुणे स्टेशनपर्यंत आली तर प्रवासी एका बाजूला वनाझ आणि दुसऱ्या बाजूला रामवाडीपर्यंत सरळ जातो. म्हणून गाडी किती फेऱ्या करते याइतकंच ती कुठपर्यंत जाते हेही विचारलं पाहिजे.

शिरूरमार्गे नवा मार्ग झाला तर?

पुण्याहून वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूरमार्गे अहिल्यानगरला थेट रेल्वेमार्ग नेण्याचा प्रस्ताव आहे. पुणे-नाशिक मार्गाला खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळं अडचण आल्यानंतर या दिशेची चर्चा आणखी वाढली. तो मार्ग झाला तर शिरूर तालुक्याला पहिल्यांदा स्वतःची स्टेशनं मिळतील आणि रांजणगाव औद्योगिक वसाहतीला त्याचा मोठा फायदा होईल.

पण तो मार्ग नगर रस्त्याच्या बाजूनं जाणार. भीमेकाठच्या गावांना तेव्हाही केडगावच जवळ पडेल. शिवाय नवा मार्ग म्हणजे मोजणी, भूसंपादन, पूल, मग रूळ. त्याची वाट पाहत पलीकडचे तयार रूळ रिकाम्या वेळात पडून ठेवण्यात शहाणपण नाही. दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

आज कोणत्या सवलती मिळतात?

हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. घर ते शाळा-कॉलेज अशा प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. त्यासाठी शाळा-कॉलेजचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मोठ्यांसाठी मासिक आणि तिमाही पास आहे, तो रोजच्या तिकिटापेक्षा खूपच स्वस्त पडतो. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतून मासिक पास आणि उपनगरीय भाडं वगळलं होतं. प्रत्येक पास केडगावच्या नावावर नोंदला जातो, म्हणजे प्रत्येक पास ही एक लेखी मागणीच आहे.

गावानं काय करावं?

ग्रामसभेचा ठराव करता येतो. पण ‘लोकल सुरू करा’ एवढंच लिहिलेला ठराव फाईलीत जातो. त्यात आकडे हवेत : गावातून रोज किती जण पुण्याला, हडपसरला, लोणीला जातात, त्यांना किती वाजता पोचायचं असतं, किती वाजता सुटतात, किती विद्यार्थी आहेत, आठवड्याला किती रुग्ण ससूनला जातात. नदीकाठच्या आठ-दहा गावांनी एकाच नमुन्यात ही माहिती गोळा केली तर तिकीट खिडकीवर न दिसणारे प्रवासी पहिल्यांदा कागदावर दिसतील.

हा कागद चार ठिकाणी जावा. पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांकडं. विभागीय रेल्वे वापरकर्ते सल्लागार समितीकडं, जिथं प्रवाशांचे प्रतिनिधी बसतात. एसटीच्या पुणे विभागीय कार्यालयाकडं, कारण बस जोडायची आहे. आणि दोन्ही खासदारांकडं, शिरूरच्या आणि बारामतीच्याही. मतदार एकाचे आणि स्टेशन दुसऱ्याचं असल्यानं पत्रावर दोघांचीही सही लागते.

वेळ साधणंही महत्त्वाचं. रेल्वेचं नवं वेळापत्रक सध्या १ जानेवारीपासून लागू होतं. बदल हवा असेल तर मागणी त्याच्या बरीच आधी, उन्हाळ्यापासूनच लावून धरावी लागते. डिसेंबरात दिलेलं निवेदन पुढच्या वर्षावर जातं.

मागणीचा क्रमही लावून घ्यावा. पहिल्यांदा सकाळी कामाच्या वेळेत पुणे स्टेशनला पोचणाऱ्या दोन आणि संध्याकाळी परतणाऱ्या दोन विजेवरच्या गाड्या, एक्सप्रेससाठी कमीत कमी थांबवलेल्या. त्याबरोबर एसटीच्या जोड फेऱ्या. मग फलाटांची उंची. मग स्वयंचलित सिग्नल आणि तासाला गाडी. तिसरी-चौथी मार्गिका शेवटी. सगळं एकदम मागितलं की ‘निधी उपलब्ध नाही’ हे एकच उत्तर सगळ्याला मिळतं.

लोणावळ्याच्या बाजूला लोकल आली तेव्हा तळेगाव, कामशेत ही गावंच होती. गाडी आधी आली, वस्ती नंतर वाढली. पूर्वेकडं उलटं चाललंय. लोणी, उरुळी, यवत वाढून बसलेत, महामार्ग तुंबलाय आणि गाडी अजून यायची आहे. ती लवकर आली तर वडगाव रासाईच्या मुलाला पुण्यात खोलीचं भाडं भरावं लागणार नाही, आणि मुलीच्या कॉलेजचा निर्णय ‘येणार-जाणार कशी’ या प्रश्नावर अडणार नाही.